मागे राहणाऱ्यांची बस

मार्कर हातातून पडला तेव्हा मी इयर नाइनच्या वर्गाला टक्केवारी शिकवत होते. उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा मुलं हसली आणि मीही हसले, कारण इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या शाळेत बावीस वर्षं गणित शिकवल्यावर एवढं कळतं की वर्ग हसण्याआधी आपण हसून घ्यावं. संध्याकाळी स्टेशनच्या जिन्यात पाय उचलेनात. पिनरला घरी पोचेपर्यंत कुणीतरी पायांत ओली वाळू भरल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीपीकडे, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरकडे, फोन केला. रिसेप्शनिस्टने विचारलं, काय होतंय? मी म्हणाले, तसं अर्जंट काही नाही, बाकी मी फाइन आहे, तुम्हाला त्रास देतेय त्याबद्दल सॉरी. एका वाक्यात तीन खोट्या गोष्टी. तिने बिचारीने माझ्यावर विश्वास ठेवला आणि नऊ दिवसांनंतरची वेळ दिली.

ही चूक खास आपल्याच लोकांची. 'मला काही होत नाही' हे आपलं बाळकडू, आणि इथे येऊन त्यावर इंग्रजी सभ्यतेचा मुलामा चढतो. दोन्ही मिळून असं रसायन तयार होतं की माणूस शेवटच्या घटका मोजत असला तरी आधी सॉरी म्हणेल. हे वाचणाऱ्या कुणाला हातापायांत अशी कमजोरी चढत असेल तर माझं एवढंच सांगणं आहे: फोनवर रडा, ओरडा, पण 'फाइन' म्हणू नका.

तिसऱ्या दिवशी बाथटबच्या काठावरून पाय पलीकडे जाईना, तेव्हा मिलिंदने, माझ्या नवऱ्याने, सरळ ॲम्ब्युलन्स बोलावली. तो पत्ता सांगत होता आणि मी मागून म्हणत होते, अरे, कशाला त्या लोकांना त्रास.

निदानाचा दिवस

डॉक्टरीण तरुण होती, केसांचा बुचडा पेन्सिलीने बांधलेला. तिने छोट्या हातोडीने माझ्या गुडघ्यावर ठोकलं. पाय हलला नाही. दुसऱ्यावर ठोकलं, तोही ढिम्म. तिने मान हलवली आणि पाठीतून पाणी काढून तपासायचं ठरवलं. दुपारी आजाराचं नाव कळलं, गियाँ-बारे सिंड्रोम. शरीराचे पहारेकरी चुकून आपल्याच नसांवर तुटून पडतात, असं तिने सांगितलं. बहुतेक लोक बरे होतात, पण हळूहळू.

मी विचारलं, म्हणजे किती दिवस? ती म्हणाली, सांगता येणार नाही. मी विचारलं, अंदाजे? ती म्हणाली, अंदाजेही नाही. गणिताच्या शिक्षिकेला याहून वाईट उत्तर देता येत नाही.

खरी भीती पुढच्या आठवड्यात कळली. कमजोरी पायांतून वर चढत होती आणि ती छातीपर्यंत जाते की काय हे बघायला दर चार तासांनी कुणीतरी येऊन सांगायचं, एका श्वासात जितके आकडे म्हणता येतील तितके म्हणा. पहिल्या दिवशी मी एकवीसपर्यंत गेले. मग सतरा. मग बारा. आयुष्यभर मला आकडे आवडत आले होते. त्या आठवड्यात मला आकड्यांची भीती वाटली. नऊवर आले त्या दिवशी मी इंग्रजी सोडलं आणि मराठीत मोजायला लागले. नर्सला वाटलं मी बरळतेय. मिलिंदने तिला सांगितलं की नाही, ती मोजतेच आहे. नऊच्या खाली आकडा गेला नाही. दोन दिवस तिथेच थांबला, आणि एका सकाळी मी 'दहा' म्हणाले. फक्त दहा. मिलिंद कॉरिडॉरमध्ये जाऊन रडून आला आणि डोळ्यात काहीतरी गेलं म्हणाला. दोन्ही डोळ्यांत.

फेर्मिन

पाच आठवड्यांनी मला रिहॅब युनिटमध्ये हलवलं. तोपर्यंत मला हॉइस्टच्या यंत्राने पोत्यासारखं उचलून खुर्चीत ठेवायचे. दुसऱ्याच्या हातून अंघोळ, दुसऱ्याच्या हातून केस. केसांबद्दल मात्र तक्रार नाही. एक हेल्थकेअर असिस्टंट बाई रोज माझी अशी घट्ट वेणी घालायची की आईची आठवण यावी.

सकाळी नाश्ता, दहा वाजता फिजिओ, अकराला चहाची ट्रॉली, दुपारी पुन्हा फिजिओ. फिजिओथेरपिस्टचं नाव ग्रेस. घानाची, उंच, आवाज गोड आणि दयामाया अजिबात नाही. तिच्या जिममध्ये पहिल्या दिवशी मी दोन दांड्यांच्या मध्ये उभी राहायचा प्रयत्न करत होते. शेजारी कुबड्यांवर एक वाळकुडा, काळासावळा म्हातारा होता. म्हणाला, तुमच्या डब्यात काय आहे?

आमच्या विहारातल्या मावश्यांनी शेवेचा डबा दिला होता, तो व्हीलचेअरच्या पिशवीत होता. मी काही बोलायच्या आत त्याने मूठभर शेव तोंडात टाकली होती. एकसष्ट वर्षांच्या माणसाला खरं तर अहो-जाहो करायला हवं, पण न विचारता शेव खाणारा माणूस माझ्यासाठी 'अरे'च होतो.

फेर्मिन स्पेनच्या नवार्राचा. बारा वर्षं व्यावसायिक सायकलपटू होता. मग एका इंग्रज मुलीशी लग्न करून वॉटफर्डला आला आणि सायकली दुरुस्त करायला लागला. पिरेनीज पर्वताच्या उतारांवरून मोटारीच्या वेगाने खाली आलेला हा माणूस स्वयंपाकघरात बल्ब बदलताना स्टुलावरून पडला आणि कंबरेचं हाड मोडून इथे आला. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा, आणि दर वेळी स्टूल थोडं उंच व्हायचं.

मी विचारलं, किती शर्यती जिंकलास?

"एकही नाही," तो म्हणाला. "माझं काम ते नव्हतं."

मला वाटलं विनय दाखवतोय. पण खरंच त्याचं काम ते नव्हतं. प्रत्येक संघात एक नायक असतो, बाकीचे त्याच्यासाठी राबतात. फेर्मिन राबणाऱ्यांतला. संघाच्या गाडीपर्यंत मागे जायचं, जर्सीत आठ-आठ बाटल्या कोंबायच्या आणि गरोदर बाईसारखं पोट घेऊन पुन्हा पुढे येऊन सगळ्यांना पाणी वाटायचं. वारा समोरून असला की नायकाच्या पुढे राहून तो अंगावर घ्यायचा. नायकाचं चाक पंक्चर झालं की आपलं चाक काढून द्यायचं. डोंगरमाथ्यावर प्रेक्षकांकडून वर्तमानपत्रं घ्यायची आणि उतारावरच्या थंडीसाठी नायकाच्या जर्सीत सारायची. एकदाच त्याचा फोटो वर्तमानपत्रात आला. जिंकणाऱ्याच्या मागे, अर्धाच. कान आणि एक खांदा.

एकदा, फक्त एकदा, तो सर्वांच्या पुढे होता. पाऊस, सोबत आणखी दोघं, शेवट जवळ. तेवढ्यात संघाची गाडी शेजारी आली: नायक मागे पडलाय, थांब. तो रस्त्याच्या कडेला पाय टेकून थांबला. मी चिडून विचारलं, थांबलास कसा? मी असते तर ऐकलं नसतं. तो म्हणाला, हो, तुझ्याकडे बघून तसंच वाटतं. आणि उरलेली शेव संपवली.

बस

मला त्याची सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र जिंकण्याची नव्हतीच. डोंगराच्या टप्प्यात जे चांगले चढणारे नसतात ते सगळे मागे एकत्र जमतात. वेगवेगळ्या संघांचे, एरवीचे प्रतिस्पर्धी. त्या घोळक्याला ते 'बस' म्हणतात. जिंकणाऱ्याच्या वेळेवर काही टक्के जास्त, एवढ्या वेळात पोचलं नाही तर शर्यतीतून बाद. म्हणून बसला एक कप्तान असतो. तो हिशेब करतो, कुठे दमाने जायचं, कुठे जोर लावायचा. फेर्मिन बारा वर्षांतली सात वर्षं या बसचा कप्तान होता. आणि त्यातली गंमत अशी की एकटा माणूस उशिरा आला तर त्याला घरी पाठवतात, पण साठ-सत्तर जण मिळून उशिरा आले तर पंच बहुतेक वेळा माफ करतात. नाहीतर उद्याची शर्यत कुणाला घेऊन करणार?

मग तो मला गणितं घालायला लागला. पहिला माणूस पाच तासांत पोचणार, मुदत बारा टक्के, आपण अजून चढावर आहोत, बोल. मी दांडी धरून थरथरत उभी, कपाळावर घाम, आणि तोंडाने मिनिटं मोजतेय. कित्येक आठवड्यांनी माझं डोकं कामाला लागलं होतं. उत्तर बरोबर आलं की तो कुबडी आपटायचा. उभं राहायची माझी वेळ त्या गणितांत वाढत गेली आणि मला पत्ताही लागला नाही. ग्रेसला लागला होता.

आमची बस तिघांची होती. फेर्मिन, मी आणि मार्गारेट. मार्गारेट एक्क्याऐंशीची, स्ट्रोक झालेली, डावी बाजू लुळी आणि जीभ तलवार. नियम एकच: तिघांच्या फेऱ्या पूर्ण झाल्याशिवाय कुणी चहाला जायचं नाही. मार्गारेट सगळ्यात हळू, त्यामुळे चहा रोज गार. पहिल्या आठवड्यात मला त्याचा राग आला. दुसऱ्या आठवड्यात मी सगळ्यात हळू होते, तेव्हा मार्गारेट माझ्यासाठी थांबली आणि म्हणाली की गार चहा एवढा वाईट नसतो. खोटं बोलत होती. इतका वाईट चहा जगात नसेल. पण मला फार बरं वाटलं.

घरचे

मिलिंद स्लाऊला नोकरी करायचा, तिथून थेट इस्पितळात, मग घरी जाऊन स्वयंपाक. कधी चिडला नाही, हीच मोठी पंचाईत. मीच त्याच्यावर चिडायची. खिचडीत मीठ जास्त, उशी वाकडी, इतका हसतोस कशाला. एकदा मार्गारेटच्या मुलीने मला सांगितलं की तुझा नवरा रोज कार पार्कमध्ये पंधरा मिनिटं गाडीत नुसता बसून असतो आणि मग तोंड धुऊन आत येतो. दुसऱ्या दिवशी मी खिचडीची स्तुती केली. तो घाबरला आणि नर्सला माझं टेम्परेचर घ्यायला सांगितलं.

सानिका, आमची मुलगी, सतरा वर्षांची, ए-लेव्हलचं, म्हणजे इथल्या बारावीचं वर्ष. आधी रोज यायची, मग दोन दिवसांआड, मग नुसते मेसेज. विचारलं की सगळं फाइन आहे म्हणायची. मला ते ओळखीचं वाटायला हवं होतं.

तेरा पायऱ्या

घरी पाठवण्याआधी त्यांनी घराची मापं मागितली. पलंगाची उंची, टॉयलेटची उंची, जिन्याच्या पायऱ्या. मिलिंदने तीन रंगांत नकाशा काढला आणि प्रत्येक पायरी मिलिमीटरमध्ये मोजली. सहावी बाकीच्यांपेक्षा चार मिलिमीटर उंच आहे हे त्याने खाली टीप देऊन कळवलं. ग्रेसने तो कागद जिमच्या भिंतीवर लावला.

जिन्याच्या पायऱ्या तेरा. वर बाथरूम, आमची खोली, सानिकाची खोली. ग्रेसने स्पष्ट सांगितलं: जिना जमला नाही तर पलंग खाली, पुढच्या खोलीत, शेजारी कमोड, आणि अंघोळ घालायला बाहेरची बाई. मी ऐकून घेतलं आणि मनात ठरवलं की हे होणार नाही. माझ्याच घरात मी पाहुणी होणार, वरून नवरा आणि मुलीचे आवाज ऐकणार, हे मला सहनच होणार नव्हतं.

इस्पितळातला जिना चढून दाखवायच्या परीक्षेच्या दिवशी सकाळपासून पोटऱ्या जळत होत्या. ग्रेसने विचारलं, पाय कसे आहेत? मी म्हणाले, फाइन.

सातव्या पायरीवर उजवा गुडघा कागदासारखा दुमडला. ग्रेसने कमरेचा पट्टा धरला म्हणून डोकं वाचलं, घोटा मात्र मुरगळला. सानिका खाली उभी राहून बघत होती. ती वळली आणि निघून गेली.

पलंग खाली आणायचं ठरलं. मी दोन दिवस जिमला गेले नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी फेर्मिन आला. बायकांच्या वॉर्डात नर्सने त्याला शिरू दिलं नाही, तेव्हा त्याने दाराबाहेर खुर्ची मांडली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागला.

तो म्हणाला, एका वर्षी बस माझ्याकडे होती. फार मोठी नव्हती, तीसेक जण. पाऊस, तिसरा डोंगर, माझा हिशेब अगदी काठावरचा. त्यात एक बेल्जियन होता, सपाटीवरचा मोठा खेळाडू, कितीतरी टप्पे जिंकलेला. तो शेवटी होता. डोंगरावर मी मागे वळून पाहिलं तेव्हा तो होता. उतारानंतर पाहिलं तेव्हा नव्हता. आम्ही मुदतीच्या आत पोचलो. तो चार मिनिटं उशिरा आला, एकटा. संध्याकाळी बॅग घेऊन हॉटेलातून निघताना मला दिसला.

"तू थांबायला हवं होतंस," मी आतून म्हणाले.

"हो. ती चूक माझी," तो म्हणाला. "पण त्यानेही ओरडायला हवं होतं. बसमध्ये मागच्याने 'हळू' असं ओरडायचं असतं. पुढच्याला मागचं दिसत नाही. तो एवढा मोठा माणूस, त्याला लाज वाटली."

मार्गारेट तिच्या पलंगावरून म्हणाली की आता कुणी ओरडणार आहे की नाही, मला माझा कार्यक्रम बघायचाय.

मी ओरडले नाही, पण रडले, मोठ्याने, सगळ्यांसमोर. मग नर्सला सांगून ग्रेसला बोलावलं आणि खरं सांगितलं. पोटऱ्या जळतात. डाव्या तळव्याला जमीन कळत नाही. बाहेरच्या बाईने अंघोळ घालण्याची मला इतकी धास्ती आहे की मी खोटं बोलले. ग्रेसने सगळं लिहून घेतलं. म्हणाली, सहा आठवड्यांत तुझ्याकडून मिळालेली ही पहिली उपयोगाची माहिती. तळव्यासाठी तिने पट्टी दिली, दिवसातून दोनदाचे व्यायाम चार छोट्या भागांत तोडले आणि वरच्यांशी भांडून मला दोन आठवडे वाढवून दिले.

संध्याकाळी मिलिंद आणि सानिका आले तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं. मिलिंद खूप वेळ माझा हात धरून बसला. सानिका म्हणाली, "आई, तू फाइन म्हणतेस ना, तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती वाटतो." तिची मराठी इथली आहे, अशीच. ते वाक्य मी कधी दुरुस्त केलं नाही.

दुसऱ्या परीक्षेत मी दर तीन पायऱ्यांना 'थांबा' म्हणाले. ग्रेस थांबली. पास केलं, पण घरी पलंग खालीच ठेवायचा, आणि जिना दिवसातून एकदाच, मागे कुणीतरी असताना, या अटीवर.

आता

आता मी आठवड्यातून तीन दिवस शाळेत जाते. बोटांची टोकं अजून बधिर आहेत, खडबडीत आणि गुळगुळीत यातला फरक कळत नाही. दमले की बसते, वर्गासमोर बसते, आणि मुलांना त्यात काही वाटत नाही. मार्गारेट मुलीकडे राहायला गेली आणि तिथल्या चहाला नावं ठेवते. फेर्मिन पुन्हा दुकानात उभा असतो. मावश्यांची शेव मी त्याला पोचवते. बल्ब त्याची बायको बदलते.

पण मला शेवट घरी आलेल्या दिवशीच करायचाय. ज्यांना अजून घरी जायचंय त्यांना तोच दिवस हवा असतो.

सकाळी साडेअकराला गाडीने मला दारात सोडलं. पुढच्या खोलीत पलंग घातलेला होता, नवी चादर, शेजारी फुलं. मी त्याला हात लावला नाही. कोट काढला आणि जिन्याशी उभी राहिले. मिलिंद मागे, एक पायरी खाली. सानिका माझ्या काठीसकट त्याच्या मागे. एक, दोन, तीन, थांबा. सहाव्या पायरीला तिघांनीही चार मिलिमीटरचा मान दिला. दहा झाल्या आणि पाय संपले. दुखले नाहीत, थरथरले नाहीत, नुसते संपले.

मिलिंद म्हणाला, "उचलू?"

"नको. इथेच बसते."

मी वळून पायरीवर बसले. मिलिंद खालच्या पायरीवर बसला. दहा मिनिटांनीही पाय परत आले नाहीत, तेव्हा सानिका खाली गेली आणि वरण-भात, लिंबाची फोड आणि बटाट्याची भाजी अशी तीन ताटं घेऊन आली. दुपारचं जेवण आम्ही जिन्यात केलं. घाई कुणालाच नव्हती. एरवी मी जेवता जेवता वह्या तपासणारी बाई. त्या दिवशी मी दोनदा भात घेतला. मिलिंद ऑफिसातल्या कुणाची तरी नक्कल करत होता. तो इतकी छान नक्कल करतो हे मी विसरूनच गेले होते.

सानिका ताटातलं लिंबू चिवडत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅथ्सच्या मॉक एक्झाममध्ये मला डी मिळाली."

"कधी?"

"तू हॉस्पिटलमध्ये होतीस तेव्हा. फर्स्ट वीक."

मिलिंदचा घास हातातच राहिला. त्यालाही माहीत नव्हतं. इतके महिने ही पोर ते एकटीच घेऊन फिरत होती, गणिताच्या शिक्षिकेची मुलगी. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आता काय होणार म्हणून. मला हसू आलं. आधी थोडं, मग आवरेना, ताट हलून वरण मांडीवर सांडलं. मग तीही हसली, आणि हसता हसता रडली. मी तिला जवळ ओढलं. हात अजून दुबळे होते, पण तेवढं जमलं.

"पेपर कुठे आहे?" मी विचारलं.

"वर. माझ्या रूममध्ये."

मी ताट मिलिंदच्या हातात दिलं आणि कठडा धरून उठले.